एका पत्रकात संपणारे क्लब

खालिद जमील २०२५ च्या ऑगस्टमध्ये भारताच्या फुटबॉल संघाचा प्रशिक्षक झाला. खेळाडू म्हणून त्याची सगळी कारकीर्द मुंबईत गेली. महिंद्रा युनायटेड, एअर इंडिया आणि मुंबई एफसी हे त्याचे तीन संघ. महिंद्राने २०१० मध्ये टीम बंद केली. एअर इंडियाला २०१३ मध्ये आय-लीगमधून बाहेर काढलं. मुंबई एफसी २०१७ मध्ये संपली. या माणसाने ज्या ज्या रंगाची जर्सी घातली, त्यातली एकही आज देशाच्या वरच्या लीगमध्ये दिसत नाही.

अपघात एकदा होतो. तीनदा झाला की ती रीत असते. मी या रीतीवर लिहितोय, कारण ती आता हार्बर लाईन धरून आपल्या पनवेलच्या दारापर्यंत यायच्या बेतात आहे.

ताजी गोष्ट आधी. १४ डिसेंबर २०२५ ला मेस्सी वानखेडेवर आला. सचिन आला, सुनील छेत्री आला, स्टेडियम भरलं, राज्य सरकारने मुलांसाठी ‘प्रोजेक्ट महादेवा’चा गाजावाजा केला. त्यानंतर बाराव्या दिवशी, २६ डिसेंबरला, सिटी फुटबॉल ग्रुपने मुंबई सिटी एफसीमधला आपला हिस्सा सोडल्याचं जाहीर केलं. मँचेस्टर सिटीचे मालक ते हेच. २०१९ मध्ये त्यांनी क्लबचा ६५ टक्के हिस्सा घेतला होता. त्यांच्या काळात क्लबने २०२०-२१ मध्ये लीग शील्ड आणि इंडियन सुपर लीगचा (आयएसएल) चषक दोन्ही जिंकले, २०२२-२३ मध्ये पुन्हा शील्ड, २०२३-२४ मध्ये कोलकात्यात मोहन बागानला हरवून पुन्हा चषक. आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये सामना जिंकणारा पहिला भारतीय क्लब हाच. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये सौदीचा अल हिलाल नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर खेळायला आला तो याच क्लबशी. पनवेल-खारघरची पोरं लोकलने थोडी स्टेशनं जाऊन आशियातला एक बलाढ्य संघ डोळ्यांनी पाहून आली. एवढं सगळं मिळवलेल्या क्लबचा धनी जायला एक पत्रक पुरलं. क्लब मूळ मालकांकडे परत गेला, टिकला, हे बरंच झालं. पण ज्या क्लबने मैदानावर एवढं जिंकलं, त्याचंही भवितव्य असं एका सहीवर असेल, तर बाकीच्यांचं काय बोलायचं?

सिटीवाले गेले कारण लीगच अधांतरी होती. फुटबॉल महासंघ आणि लीग चालवणारी रिलायन्सची कंपनी एफएसडीएल यांच्यातला पंधरा वर्षांचा करार डिसेंबर २०२५ मध्ये संपत होता. वर्षाला ५० कोटींचा करार. जुलैमध्येच कंपनीने हंगाम स्थगित केला. महासंघाने नवी निविदा काढली, एकही बोली आली नाही. बेंगळुरू एफसीने खेळाडूंचे आणि कर्मचाऱ्यांचे पगार थांबवले. आणि डिसेंबरात मेस्सीशेजारी उभा राहिलेला तोच छेत्री २०२६ च्या जानेवारीच्या सुरुवातीला गुरप्रीतसिंग संधू आणि संदेश झिंगन यांच्याबरोबर एका चित्रफितीत दिसला. आमचं फुटबॉल वाचवा, अशी फिफाला विनंती करत होता. शेवटी सरकार मध्ये पडलं आणि फेब्रुवारीपासून एकेरी फेरीची आखूड लीग ठरली.

भारतासाठी सर्वांत जास्त गोल केलेल्या खेळाडूवर ही वेळ आली. ते दृश्य मला अजून सोसत नाही.

मालकाने पैसे थांबवले की क्लबचं नेमकं काय होतं, ते एकदा नीट पाहायला हवं. क्लब एका दिवसात मरत नाही. आधी पगाराची तारीख पुढे जाते. एक तारखेचा पगार पंधराला होतो, मग पुढच्या महिन्यात जातो. परदेशी खेळाडूंना नियम माहीत असतात, त्यांचे एजंट असतात. ते फिफाकडे तक्रार करून निघून जातात. भारतीय पोरं थांबतात, कारण त्यांना वाटतं आज बोललो तर उद्या दुसरा क्लब घेणार नाही. तक्रारी वाढल्या की नवे खेळाडू नोंदवायला बंदी येते. मग संघात वरच्या फळीचे खेळाडूच उरत नाहीत आणि एकोणीस-वीस वर्षांच्या मुलांना मोठ्या सामन्यात उतरवलं जातं. मार खाऊन खाऊन त्यांचा आत्मविश्वास जातो. या सगळ्याच्या आधीच वयोगटातले संघ गुंडाळलेले असतात, कारण ते बंद केले तर पेपरात बातमी येत नाही. किट सांभाळणारा, मालिश करणारा, बस चालवणारा यांच्याबद्दल तर कुणी विचारतसुद्धा नाही.

याचं जिवंत उदाहरण हैदराबाद एफसी. २० मार्च २०२२ ला हा क्लब गोव्यात फातोर्ड्याला केरळा ब्लास्टर्सला पेनल्टींवर हरवून आयएसएल विजेता झाला. गोलरक्षक लक्ष्मीकांत कट्टीमणीने तीन पेनल्टी अडवल्या. गोव्याचाच पोरगा, गोव्याच्याच मैदानावर. त्यानंतर दोनच वर्षांनी, २०२३-२४ मध्ये, त्याच क्लबने पूर्ण हंगामात एक सामना जिंकला. एक. पगार थकले, नोंदणीबंदी आली, परदेशी खेळाडू गेले, प्रशिक्षक थांगबोई सिंगतोने उरलेली कोवळी मुलं घेऊन हंगाम रेटला. त्या मुलांचा काडीचा दोष नव्हता.

हैदराबादचं दुःख आपण का करावं? कारण तो क्लब मुळात आपल्याकडून तिकडे गेला. २०१४ मध्ये आयएसएल सुरू झाली तेव्हा पुण्याला एफसी पुणे सिटी मिळाली. मालक वाधवान समूह, सोबत हृतिक रोशन. फ्रान्सचा विश्वविजेता डेव्हिड त्रेझेगे पहिल्या वर्षी बालेवाडीत खेळला. २०१७-१८ मध्ये संघ उपांत्य फेरीत गेला. २०१९ मध्ये वाधवानांची डीएचएफएल कर्जाच्या गर्तेत गेली आणि त्याच वर्षी क्लब बंद झाला. लीगमधली ती जागा हैदराबादच्या नव्या मालकांना मिळाली. तिथे पैसे संपले, क्लब जिंदाल समूहाकडे गेला आणि २०२५ मध्ये दिल्लीला जाऊन त्याचं नाव स्पोर्टिंग क्लब दिल्ली झालं. पुणे, हैदराबाद, दिल्ली. लीगच्या तक्त्यातली एक जागा तीन शहरं फिरली. प्रत्येक शहरात झेंडे घेऊन उभी राहणारी पोरं मागे राहिली. त्यांना कुणी विचारलं नाही, कारण त्यांना विचारायची तरतूदच कुठे नव्हती.

पुण्याचा हिशेब तर इथे संपतच नाही. अशोक पिरामल समूहाची पुणे एफसी २००७ मध्ये सुरू झाली. २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये दुसरी आली. तिच्या अकादमीच्या मुलांनी वयोगटाच्या राष्ट्रीय लीग जिंकल्या. माझ्या मते गेल्या वीस वर्षांत महाराष्ट्रात उभा राहिलेला हा सर्वांत नीट चालवलेला क्लब. २०१५ मध्ये मालकांनी माघार घेतली. कल्याणी समूहाची भारत एफसी एकच हंगाम खेळली, शेवटची आली, त्याच वर्षी संपली. डीएसके शिवाजीयन्स दोन हंगाम आय-लीग खेळली आणि २०१७ नंतर दिसली नाही. पुढे फेब्रुवारी २०१८ मध्ये डी. एस. कुलकर्णी यांना ठेवीदारांच्या फसवणुकीच्या प्रकरणात अटक झाली. शिवाजीयन्स हा पुण्याच्या स्थानिक फुटबॉलमधला जुना संघ. मोठ्या नावाला जोडला गेला आणि त्या नावाबरोबर बुडाला. २०१५ ते २०१९ या काळात एका शहराने चार क्लब गमावले.

चारही ठिकाणी कारणं वेगळी होती, हे मान्य करतो. कुणाला लीगची दिशा पटली नाही, कुणाचा धंदा बसला, कुणाला एका वर्षातच हिशेब कळला. मालकांना शिव्या देण्यासाठी मी लिहीत नाही. महिंद्रांनी १९६२ पासून संघ चालवला. अठ्ठेचाळीस वर्षं! डेरेक परेराच्या हाताखाली २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली, ड्युरँड जिंकला, फेडरेशन कप जिंकला. युसिफ याकुबूचा खेळ पाहायला लोक कुपरेज मैदानावर गर्दी करायचे. बंद करताना त्यांनी सांगितलं की आता शालेय फुटबॉलकडे वळतोय, आणि स्कॉटलंडच्या सेल्टिक क्लबबरोबर शाळांची स्पर्धा सुरूही केली. अठ्ठेचाळीस वर्षं पैसे देणाऱ्याला कृतघ्नपणे बोलणं मला जमणार नाही.

पण एक प्रश्न राहतोच. अठ्ठेचाळीस वर्षांत त्या क्लबच्या पायाखाली दुसरं काहीच का उभं राहिलं नाही? सभासद का नव्हते? स्वतःचं मैदान का नव्हतं? मुंबई एफसीचं तर असं की कुपरेजचं काम निघालं तेव्हा मुंबईच्या या क्लबला घरचे सामने पुण्याला बालेवाडीत खेळावे लागले. अंधेरीहून किंवा पनवेलहून बालेवाडीला कोण जाणार? प्रेक्षक तुटले. क्लबला धरून ठेवणारी माणसंच लांब गेली आणि मग एस्सेल समूहाच्या दोरीवरच तो लटकत राहिला. खालिद जमीलने सात हंगाम तुटपुंज्या पैशांत या क्लबला खालच्या विभागात जाऊ दिलं नाही. २०१६ मध्ये त्याला जाऊ दिलं. पुढच्याच हंगामात त्याने ऐझॉलसारख्या छोट्या क्लबला आय-लीग जिंकून दिली आणि त्याच हंगामात मुंबई एफसी तळाला जाऊन बाहेर पडली. पैसे सगळ्यांत शेवटी संपतात. त्याआधी क्लबमध्ये आपलेपणा असलेली माणसं संपवली जातात.

आता एक जुनी गोष्ट, जी आजच्या पालकांना माहीत नसते. मुंबईचं फुटबॉल पूर्वी कंपन्या आणि बँकांवर चालायचं. मफतलाल, ऑर्के मिल्स, टाटा, आरसीएफ, सेंट्रल बँक, वेस्टर्न रेल्वे, कस्टम्स. खेळाडूला नोकरी मिळायची. सकाळी मैदान, दुपारी टेबल. रेल्वे-बँकेसारख्या ठिकाणी टीम बंद झाली तरी नोकरी राहायची, पेन्शन राहायची, क्वार्टर राहायचं. त्या पद्धतीतही खोट होती. नोकरी लागली की मेहनत सुटायची, अशी तक्रार तेव्हाचे प्रशिक्षक करायचे. पण बावीस वर्षांच्या पोराच्या घरात चूल पेटती राहायची. नंतर कॉन्ट्रॅक्ट आलं. पैसे वाढले, खेळाचा दर्जा वाढला, हेही खरं. पण आता टीम गेली की त्याच दिवशी पोटही जातं. बारावीनंतर शिक्षण सोडलेला, सत्ताविसाव्या वर्षी गुडघा दुखावलेला मिडफिल्डर टीम बंद झाल्यावर काय करतो, हे कुणीतरी जाऊन बघावं. नशीबवान असेल तर टर्फवर लहान मुलांना शिकवतो.

१८९१ मध्ये सुरू झालेला रोव्हर्स कपसुद्धा २००१ च्या सुमारास थांबला, तो परत सुरू झाला नाही. एवढी जुनी स्पर्धा बंद पडूनही मुंबईत मोर्चा निघाला नाही. आपल्याला फुटबॉल आवडतं. ते आपल्या मालकीचं आहे असं आपल्याला वाटत नाही. माझ्या मते सगळं दुखणं इथे आहे.

आपलं वाटणं कसं असतं ते पाहायचं तर कोल्हापूरला जा. पाटाकडील तालीम, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ, बालगोपाल, खंडोबा, प्रॅक्टिस क्लब. शाहू स्टेडियमवर सामना असला की पेठ रिकामी होते. तिथल्या संघाला मालक नाही, तालीम आहे. वर्गणी आहे, मंडळ आहे, पेठेतले दुकानदार आहेत, आजोबा ज्या रंगासाठी ओरडले त्याच रंगासाठी ओरडणारा नातू आहे. एखाद्या वर्षी मोठा देणगीदार रुसला तर संघ कमकुवत होईल, परदेशी खेळाडू येणार नाही, लीगमध्ये खाली जाईल. पण बंद होणार नाही. कारण बंद करण्याचा अधिकार कुणा एकाच्या खिशात नाही. कोल्हापूरच्या फुटबॉलचं मला सगळंच पटतं असं नाही. समर्थकांच्या हाणामाऱ्यांनी तिथला खेळ पुन्हापुन्हा डागाळतो, आणि राष्ट्रीय पातळीवर टिकणारा क्लब अजून त्यातून उभा राहिलेला नाही. तरीही क्लब म्हणजे काय, हे महाराष्ट्रात कोल्हापूरच्या पेठांना कळलंय, आपल्याला अजून कळायचंय.

गोव्याचंही एक उदाहरण आहे. २०१६ मध्ये साळगावकर, स्पोर्टिंग आणि धेंपे या तिघांनी आय-लीगमधून अंग काढून घेतलं. देशाच्या फुटबॉलचा नवा आराखडा आयएसएलला वर नेऊन त्यांना खाली ढकलणारा होता, हे त्यांना मान्य नव्हतं. त्यात धेंपे म्हणजे पाच वेळचा राष्ट्रीय विजेता. या क्लबांचेही मालक उद्योगपतीच, पैसेही त्यांचेच. मग हे क्लब पुणे एफसीसारखे नाहीसे का झाले नाहीत? कारण वरचा मजला सोडला तरी खाली जमीन होती. गोव्याची स्वतःची लीग होती, वयोगटांचे संघ होते, गावागावांत मैदानं होती, चर्चच्या शेजारी, भाताच्या शेताच्या कडेला. धेंपेने आपली मुलं घडवणं चालू ठेवलं आणि २०२४-२५ मध्ये क्लब आय-लीगमध्ये परत आला. आठ वर्षांनी! जो क्लब फक्त वरच्या लीगसाठी जन्माला घातला जातो, त्याला परतीची वाट नसते.

इंग्लंडात विंबल्डन नावाचा क्लब होता. १९८८ मध्ये एफए कप जिंकलेला. मालकांनी तो ऐंशी-नव्वद किलोमीटर लांबच्या मिल्टन कीन्सला हलवायचं ठरवलं आणि २००२ मध्ये संघटनेने परवानगीही दिली. समर्थकांनी काही आठवड्यांत स्वतःचा नवा क्लब काढला, विंबल्डनच्या सार्वजनिक माळावर खुल्या ट्रायल घेतल्या, बऱ्याच खालच्या पायरीपासून सुरुवात केली. २०११ मध्ये तो क्लब इंग्लिश लीगमध्ये पोचला आणि २०२० मध्ये आपल्या जुन्या भागात, प्लाऊ लेनला, स्वतःच्या स्टेडियमवर परतला. पुण्यात हे का झालं नाही? पुणेकरांचं प्रेम कमी होतं म्हणून? मुळीच नाही. विंबल्डनच्या लोकांना उतरायला खाली एक जिना होता. नोंदणी करून खेळता येईल अशा खालच्या लीग होत्या. बालेवाडीत ओरडणाऱ्या पोरांना घरी जाण्याशिवाय दुसरा रस्ताच नव्हता. जर्मनीत बहुतेक क्लबांच्या बहुसंख्य मतांवर सभासदांचा हक्क असतो. इंग्लंडने २०२५ मध्ये कायदा करून स्वतंत्र नियामक आणला. क्लबचं मैदान, बोधचिन्ह, रंग मालकाला मनाला येईल तसे विकता-बदलता येऊ नयेत, हाही त्या कायद्याचा हेतू. आपल्याकडेही त्याच वर्षी राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा झाला. त्याचा भर संघटनांचा कारभार, निवडणुका आणि तंटे यांवर आहे. तेही हवंच होतं. पण क्लबचा मालक उठून गेला तर एकोणीस वर्षांच्या पोराचा थकलेला पगार कोण देणार, याचं उत्तर कुणीतरी द्यायला हवं.

आता पनवेलचं बोलतो.

एकाच थैलीवर खेळ उभा केला की काय होतं, हे पनवेलकरांना पुण्याच्या उदाहरणावरून शिकायची गरज नाही. कर्नाळा स्पोर्ट्स अकादमीत इथल्या मुलांची एक पिढी पोहायला, खेळायला शिकली. कर्नाळा नागरी सहकारी बँकेतला पैसा बनावट कर्जखात्यांतून काढून ही अकादमी उभारायला वळवला गेला, असा ईडीचा आरोप आहे. २०२१ मध्ये ईडीने अकादमीच्या मालमत्तेवर टाच आणली आणि त्याच वर्षी रिझर्व्ह बँकेने बँकेचा परवाना रद्द केला. खटल्याचा निकाल न्यायालय देईल. पण ठेवीदारांची रांग पनवेलने पाहिली आहे. म्हातारी माणसं कागदांची पिशवी घेऊन उभी होती. तिथे पोहायला शिकलेल्या मुलांचा आणि बँकेत पैसे ठेवलेल्या आजी-आजोबांचा दोष सारखाच होता: काहीच नाही.

आणि आता याच पनवेलच्या भोवती पैसा येतोय. ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं, २५ डिसेंबरला विमानं उडू लागली. सिटीवाल्यांचं पत्रक त्याच्या दुसऱ्या दिवशीचं. खारघरला सिडकोने फुटबॉलसाठी सेंटर ऑफ एक्सलन्स उभं केलंय. नवीन पनवेल, कामोठे, कळंबोली, जिथे जावं तिथे टर्फ आहे आणि संध्याकाळी ते भरलेलं असतं. बार्सिलोना, रियलची जर्सी घातलेली पोरं तासावर पैसे मोजून खेळतात. पालक अकादमीची फी भरतात, बूट घेतात, रविवारी सव्वा-दीड तास लोकलने पोराला घेऊन मुंबईला सामन्याला जातात. त्या पालकांच्या मनात एकच प्रश्न असतो: माझा मुलगा चांगला निघाला तर पुढे कुठे खेळेल?

उत्तर द्यायला कुणीतरी येणारच आहे. आज ना उद्या एखादा बिल्डर, एखादी विमानतळाशी जोडलेली कंपनी, एखादा नट पनवेलच्या किंवा नवी मुंबईच्या नावाने क्लब जाहीर करेल. मोठं हॉटेल असेल, जर्सीचं अनावरण असेल, स्थानिक आमदार असतील. त्यांचं स्वागत करा. मनापासून करा, कारण पैशाशिवाय खेळ चालत नाही. आयएसएलचा चषक जिंकूनही बक्षीस सहा कोटींचं होतं, आणि क्लब चालवायला त्याच्या कितीतरी पट पैसे लागतात, हे मला माहीत आहे. पण स्वागत करतानाच महापालिकेने आणि सिडकोने काही गोष्टी कागदावर घ्याव्यात.

सार्वजनिक मैदान द्यायचं तर करार पालिकेच्या नावावर हवा आणि क्लब गेला तरी मैदान मुलांसाठी उघडं राहिलं पाहिजे. बारा, पंधरा, अठरा वर्षांखालचे मुला-मुलींचे संघ पहिल्या वर्षापासून, आणि त्यांचा निम्मा तरी भरणा पनवेल तालुक्यातला. दोन वर्षांच्या पगाराएवढी बँक हमी आधी; परदेशी खेळाडूचं नाव नंतर जाहीर करा. नाव आणि बोधचिन्ह शहराच्या ट्रस्टकडे, मालकाला वापरायला, विकायला नाही. समर्थकांना वर्षाची वर्गणी भरून सभासद होता आलं पाहिजे आणि सभासदांचे दोन प्रतिनिधी संचालक मंडळावर बसले पाहिजेत. ज्या मालकाला हे जाचक वाटेल, त्याने खुशाल येऊ नये. तो आला असता तर तीन वर्षांनी गेलाच असता.

हे करायला दिल्लीच्या परवानगीची गरज नाही. मैदान आपलं आहे, अट आपल्याला घालता येते. रायगड जिल्ह्याची नीट, वर्षभर चालणारी लीग उभी करायलाही कुणाची आडकाठी नाही. अलिबाग, पेण, उरण, खोपोली, पनवेल; गावोगावी क्रिकेटचे संघ बांधणारी, वर्गणी काढणारी, लाऊडस्पीकर लावून सामने भरवणारी हीच माणसं आहेत. त्यांना क्लब चालवणं शिकवावं लागणार नाही.

२०२६ च्या जानेवारीत पनवेल महापालिकेची निवडणूक झाली, नवे नगरसेवक बसलेत. तुमच्या प्रभागाच्या नगरसेवकाला या महिन्यात एक साधा अर्ज द्या: आमच्या भागातलं फुटबॉलचं मैदान कोणतं, ते कुणाच्या ताब्यात आहे, किती वर्षांच्या करारावर आहे, आणि करार मोडला तर ते कुणाकडे जाणार. लेखी उत्तर मागा. ते मिळाल्याशिवाय कुठल्याही नव्या क्लबच्या जर्सीवर एक रुपयाही खर्च करू नका.